रिकामी वाटी परत देऊ नये

मागच्या महिन्यात दवाखान्यात एक आजी आल्या. वय सत्तरीच्या पुढे. अंगात लुगडे, हातात पिशवी, पिशवीत जुन्या चिठ्ठ्या. तक्रार एकच. "काय सांगू डॉक्टर, भूकच न्हाई बघा. वजन उतारलंय. कशात मन लागत न्हाई."

या वयात भूक मंदावून वजन उतरू लागले, तर ते वरवर घेऊन चालत नाही. क्षयरोग, थायरॉईड, मधुमेह, पोटाचे विकार हे सगळे आधी पाहावे लागते. तसे पाहिले. तपासणीत मोठे काही निघाले नाही. रक्त मात्र कमी होते. मग मी औषधाची चिठ्ठी बाजूला ठेवून विचारले, "आजी, दिवसभरात खाता काय?"

"सकाळी च्या-खारी. दुपारी च्या-बटर. रातीला सून करती ते घासभर."

"आणि दुपारी भाकरी?"

"एकटीसाठी चूल कुठं पेटवायची? पोरगा चांदीच्या कामावर, सून घुंगरं जोडायला, नातवंडं शाळेत. मी आणि ते टीव्ही!"

वाचकहो, या शेवटच्या वाक्यात आजींच्या दुखण्याचे निम्मे निदान होते. रक्तवाढीच्या गोळ्या तर दिल्याच. त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. पण चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक औषध लिहिले. "रोज दुपारी दोन भाकऱ्या थापणे. एक आपण खाणे, दुसरी भाजीसह शेजारी नेऊन देणे." आजी हसल्या. म्हणाल्या, "ह्यो काय औषध झालं व्हय?"

हे औषध कसे, तेच आजच्या लेखात सांगायचे आहे.

वानवळा कुठे गेला?

आपल्या भागात वानवळा हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नसे. शेतात पहिली वांगी लागली, शेंगा उपटल्या, गुऱ्हाळ लागले, म्हैस व्याली, की घरात खाण्याआधी त्यातला वाटा चार घरी जायचा. मग कोणाकडून चिकाचा खरवस येई, कोणाकडून तांब्याभर काकवी, कोणाकडून शाळूचा कोवळा हुरडा, तर कोणाकडून अंबाडीची जुडी. याचे पैसे कोणी घेत नसे आणि देतही नसे. नियम एकच होता. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, चार दाणे तांदूळ तरी टाकून वाटी परत जायची.

ताक तर मागून न्यायचीच वस्तू होती. ताकाला जाऊन भांडे लपवणे ही म्हण त्यातूनच आली. ज्याच्या घरी घुसळण, त्याच्या दारात सकाळी भांडी घेऊन माणसे उभी. मागणाऱ्याला कमीपणा नव्हता आणि देणाऱ्याला मिजास नव्हती. गुऱ्हाळावर गेलेल्या वाटसरूने रस न पिता परत जाणे हा तर गुऱ्हाळवाल्याला अपमान वाटायचा!

या चालीकडे आपण रीतिरिवाज म्हणून पाहतो. मी डॉक्टर म्हणून पाहतो, तेव्हा मला त्यात आहारशास्त्र दिसते. एका घरच्या वाफ्यात आठवडाभर वांगीच असतील, तर ते घर आठवडाभर वांगीच खाणार. पण त्याच आठवड्यात शेजारून मेथी आली, पलीकडून पावटा आला, मळ्यातून मुळा आला, तर पैसा न खर्चता ताटात चार प्रकारच्या भाज्या आल्या. मोठ्या माणसाने दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या आज्यांनी हा आकडा कधी ऐकला नव्हता. पण वानवळ्याच्या रूपाने ताटात विविधता आणायची युक्ती त्यांना ठाऊक होती.

चंदेरी नगरीचे ताट

आपली हुपरी चांदीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. इथली पैंजणे कुठल्या कुठल्या गावच्या लेकीसुनांच्या पायांत वाजतात, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. घरोघरी काम आले, हाताला पैसा आला, ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. पण या कामाने आपले बसणे-उठणे आणि खाणेपिणेही बदलले.

सकाळी मांडी घालून कामावर बसलेला कारागीर दुपारपर्यंत मान वर करत नाही. मधे भूक लागली की चहा येतो. चहाबरोबर खारी, बटर नाहीतर वडा. संध्याकाळी पुन्हा चहा आणि फरसाण. दिवसाला सात-आठ कप चहा पिणारे कितीतरी रुग्ण मी रोज पाहतो. त्यातच पोट सुटते, पित्त वाढते आणि पस्तिशीतच रक्तदाब आणि साखर चिठ्ठीवर येऊन बसते. घरात घुंगरे जोडणाऱ्या बायाबापड्यांचे दुखणे वेगळे. डोळे आणि मान भरून येतात आणि अंगात रक्त नसते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 54 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली होती. म्हणजे दोघींतली एक. जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, हे माझे सांगणे असते. हेही लक्षात ठेवा, की जिथे भट्टीचा धूर आणि ॲसिडची वाफ आहे, तिथे डबा उघडू नये. हात साबणाने स्वच्छ धुऊन, उठून दुसरीकडे बसून, शक्य तर चौघांनी मिळून जेवावे.

चौघांनी मिळून जेवणे हा किरकोळ मुद्दा नाही. 2025 च्या जागतिक आनंद अहवालात एकत्र जेवण्यावर खास अभ्यास आहे. जी माणसे इतरांबरोबर जेवतात, ती आयुष्याबद्दल अधिक समाधानी असल्याचे त्यात दिसले. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात 2023 साली दर चार माणसांमागे एकाने आदल्या दिवसाची सगळी जेवणे एकट्याने केली होती आणि 2003 च्या तुलनेत हे प्रमाण 53 टक्क्यांनी वाढले होते. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 मध्येच सांगितले. अमेरिका राहू द्या. आमच्या आजींचे चहा-बटर आठवा. तो एकटेपणा आता आपल्या गल्लीतही येऊन बसला आहे.

देणाऱ्यालाही गुण येतो

देण्याने घेणाऱ्याचे पोट भरते, हे कोणालाही कळते. देणाऱ्याला काय मिळते? आपले वाडवडील म्हणत, पुण्य मिळते. शास्त्रज्ञांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने तपासला. कॅनडातील एका विद्यापीठात 46 जणांना सकाळी पैशांची पाकिटे देण्यात आली. काहींच्या पाकिटात 5 डॉलर, काहींच्या 20. निम्म्यांना सांगितले, हे पैसे संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. निम्म्यांना सांगितले, दुसऱ्या कोणासाठी खर्च करा. संध्याकाळी विचारपूस केली, तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. आणि गंमत अशी, की पाकिटात 5 होते की 20, याने फरक पडला नाही! हा अभ्यास 2008 साली 'सायन्स' या नामांकित शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अभ्यास लहान आहे, हे मान्य. एका अभ्यासावर कोणी इमारत बांधू नये. पण त्याचा अर्थ आपल्या अनुभवाशी जुळतो. वाटी केवढी, याला महत्त्व नाही. ती भरून कोणाच्या तरी दारात न्यावी लागते, याला आहे. त्या निमित्ताने म्हातारे माणूस उठते, चार पावले चालते, दोन शब्द बोलते, उद्या काय करायचे याचा विचार करते. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव म्हातारपणी फार मोलाची असते. ती कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

कुंभोजचा धडा

देण्याची ताकद काय असते, हे पाहायला दूर जायला नको. आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज गावी 22 सप्टेंबर 1887 रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी गोरगरिबांची मुले गोळा केली आणि जातपात न पाहता त्यांना एका पंगतीत जेवायला बसवले. ही पंगत चालायची कशावर? मोठ्या देणग्या नंतर आल्या. आधी होती ती मुष्टिफंडाची कल्पना. घरच्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची आणि ती मुलांच्या जेवणासाठी द्यायची. एका मुठीने कोणाचे घर बसत नाही, पण गावभरच्या मुठींनी मुलांची पंगत उठते. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. दागिने घडवणाऱ्या आपल्या गावाला त्या त्यागाचे वजन वेगळे समजवायला नको.

आणि ही वृत्ती आपल्यातून गेली आहे, असेही मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांच्या वर गेले. तेव्हा कोरड्या गावांतल्या आयाबहिणींनी भाकऱ्या थापून, चटणी बांधून नदीकाठच्या माणसांना पाठवल्या. कोणी हिशेब विचारला नाही, कोणी जात विचारली नाही. पाणी ओसरले आणि आपण पुन्हा आपापल्या दाराला कडी लावली. माझा मुद्दा इतकाच आहे, की माणुसकीला दर वेळी महापूरच कशाला लागावा?

देताना काय द्यावे?

इथे डॉक्टर म्हणून मला थोडे कडक बोलावे लागेल. आजकाल आपण देत नाही असे नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त देतो. पण काय देतो? दवाखान्यात रुग्णाला भेटायला जाताना पेढ्यांचा बॉक्स. वाढदिवसाला केक. पाहुण्याच्या पोराला कुरकुऱ्यांची पुडी आणि थंड पेयाची बाटली. ज्याची साखर तीनशेवर आहे, त्याच्या उशाशी मी मिठाईचे तीन-तीन बॉक्स पाहिले आहेत. हे प्रेम नव्हे. प्रेमाच्या नावाखाली केलेली ही हयगय आहे.

त्यापेक्षा आपल्या मातीतले द्या. ज्वारीचे पीठ द्या. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम 3 ग्रॅम. म्हणून भाकरीने पोट साफ राहते आणि लवकर भूक लागत नाही. नाचणी द्या. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तांदळात ते 10 मिलिग्रॅमही नसते. वाढत्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना नाचणीची आंबील यासारखे दुसरे पेय नाही. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेही भारताच्या सूचनेवरून. कोल्हापुरात मार्गशीर्षात रेणुकेच्या यात्रेला आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर यांचा नैवेद्य होतो आणि मग तो सर्वांनी वाटून खायचा असतो. जगाला जे 2023 मध्ये आठवले, ते आपल्या आयाबायांनी देवीच्या नैवेद्यात कधीचेच बांधून ठेवले आहे!

मात्र गावचे म्हणून सगळेच अमृत, असाही गैरसमज नको. गूळ साखरेपेक्षा चवदार असेल, पण मधुमेह्याच्या रक्तात तो साखरच होतो. काकवीचेही तेच. खपली गव्हाची खीर पौष्टिक आहे, पण खपलीने मधुमेह बरा होतो म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा कपाळाला हात लावावा लागतो. कटावर तेलाचा तवंग आणि खर्ड्यात मुठीने मीठ, हे रक्तदाबवाल्याला मानवणारे नाही. दिवसाला सगळे मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाही भरू नये एवढेच मीठ पुरे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळे किंवा फळे देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

आणि एक देणे तर कायमचे बंद करा. निपाणीचा तंबाखूचा पट्टा आपल्या शेजारी. त्यामुळे चंची सोडून "घ्या की चिमूटभर" म्हणण्याची आपल्याकडे मोठी रीत. तरुण पोराला पहिली चिमूट बहुतेक वेळा मित्र किंवा नातेवाईकच देतो. तोंडाच्या कर्करोगाला दिलेले हे आमंत्रण आहे. हा वानवळा नको.

शेवटचे पथ्य. शिळे, उरलेसुरले, आपल्याला नको झालेले देणे म्हणजे वानवळा नव्हे. जे आपण आवडीने खातो, त्यातलाच वाटा काढावा, ताजा काढावा, झाकून न्यावा. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

"पण डॉक्टर..."

हे सगळे बोललो की लोक म्हणतात, "डॉक्टर, रानच राहिलं नाही, वानवळा कुठला द्यायचा?" अहो, परसात एक शेवग्याचे झाड लावा. त्याला शेंगा लागल्या की एका घराला त्या खाऊन संपतच नाहीत. झाडच तुम्हाला दाता करून सोडते. जागा नसेल तर गच्चीवर डब्यात कढीलिंब, पुदिना, कोथिंबीर होते. लिंबाचे एक झाड सगळी गल्ली सांभाळते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी अधिक लागते, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी तक्रार मला अधिक खरी वाटते. एक भगिनी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सांगणार वाटा, आणि थापायचं आम्हीच. आधीच घुंगरं जोडून बोटं भरून आलेली." त्यांचे बरोबर आहे. पुण्य साऱ्या घराचे आणि कष्ट एकटीचे, हा न्याय नव्हे. भाकरी बाईने थापली तर भाजी पुरुषाने निवडावी, वाटी पोराने पोहोचवावी. वाटी पोहोचवणाऱ्या पोराला शेजारच्या घरातली माणसे तरी ओळखीची होतील. हल्ली तेही राहिलेले नाही.

आता माझे मागणे. हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्यांसाठी आपल्या शिवारात बीडकडून आणि मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. पहाटेच्या अंधारात त्यांच्या बैलगाड्या निघतात आणि पालात लहान मुले मागे राहतात. आपल्या उसाला त्यांचे हात लागतात, तेव्हा आपल्या चहात साखर पडते. त्या पालांकडे आपण रस्त्यावरून जाता-येता पाहतो आणि पुढे जातो. या हंगामात प्रत्येक गल्लीने एक पाल आपले मानावे. आठवड्यातून एकदा भाजीची जुडी, शेंगदाण्याचा लाडू, तांब्याभर ताक तिथे जावे. फोटो काढू नये, फलक लावू नये. शेजाऱ्याला देतो तसे द्यावे. लहान मुलांना लसीचे डोस राहिले असतील तर आशाताईंच्या कानावर घालावे. ती माणसे पाच-सहा महिने आपली शेजारीच असतात.

ताजा कलम आजींचा. परवा त्या तपासणीला आल्या. वजन फार वाढले आहे असे नाही, किलोभर वाढले आहे. रक्त थोडे सुधारले आहे, त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे. पण पलीकडच्या घरातली एक बाळंतीण आता रोज दुपारी आजींची वाट पाहते आणि दोघी मिळून जेवतात. चहा-बटर सुटले. जाताना आजींनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. आत अंबाडीची भाजी होती, वर लसणीची फोडणी.

"डबा परत द्या बरं का," त्या म्हणाल्या. "आन् रिकामा देऊ नका!"

डबा धुऊन ठेवला आहे. आमच्या परसातल्या शेवग्याला सध्या चांगल्या शेंगा आहेत.